मधुमेहाच्या प्राणी-मॉडेलमध्ये अ‍ॅड्रिनल हार्मोन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेत नव्याने काम सुरू करणारे विद्यार्थी, पशुवैद्यक आणि प्रबंध लिहिणारे जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. या पानावर ‘उंदीर’ म्हणजे वीस-तीस ग्रॅमचा लहान उंदीर आणि ‘रॅट’ म्हणजे दोन-तीनशे ग्रॅमचा मोठा. दोघांची उत्तरं बऱ्याचदा वेगळी निघतात, म्हणून हा फरक शेवटपर्यंत पाळला आहे.

१. मधुमेह हा स्वादुपिंडाचा आजार. मग त्यात मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी कुठून आली?

स्वादुपिंड काढलं की कुत्र्याला मधुमेह होतो, हे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी १८८९ साली दाखवलं. पुढे बर्नार्दो हुसे यांनी अशा प्राण्यांची मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथीही काढली, तेव्हा मधुमेह सौम्य झाला. १९३६ मध्ये लाँग आणि ल्यूकन्स यांनी स्वादुपिंड काढलेल्या मांजरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीही काढल्या. लघवीतली साखर आणि कीटोन घटले, मांजरं जास्त जगली. इन्सुलिन तर दोन्ही वेळेला नव्हतंच. म्हणजे इन्सुलिन नसताना साखर किती चढेल, हे बऱ्याच अंशी अ‍ॅड्रिनलवर ठरतं. १९४१ मध्ये ड्वाइट इंगल यांनी उलट बाजू दाखवली: अ‍ॅड्रिनल कॉर्टेक्सचं (ग्रंथीच्या बाहेरच्या थराचं) स्टेरॉइड भरपूर दिलं तर धडधाकट रॅटच्या लघवीतही साखर उतरते.

या सगळ्यातून धरून ठेवायची गोष्ट एकच. अ‍ॅड्रिनल हार्मोन एकटं क्वचितच मधुमेह घडवतं, पण इन्सुलिन अपुरं पडलं की तेच आजाराची तीव्रता ठरवतं.

२. उंदराच्या रक्तात कॉर्टिसॉल मोजलं, जवळजवळ शून्य आलं. किट खराब आहे का?

किट नव्हे, हार्मोन चुकलं. प्रौढ उंदीर आणि रॅट यांच्या अ‍ॅड्रिनलमध्ये १७-अल्फा-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम जवळजवळ नसतं, त्यामुळे त्यांचं मुख्य ग्लुकोकॉर्टिकॉइड (अ‍ॅड्रिनलचं साखर वाढवणारं स्टेरॉइड) कॉर्टिकोस्टेरॉन आहे. कुत्रा, मांजर, डुक्कर, गिनीपिग, माकड आणि माणूस यांचं कॉर्टिसॉल. उंदरात कॉर्टिसॉलचं किट काही आकडा दाखवतं तेव्हा तो बहुधा कॉर्टिकोस्टेरॉनशी झालेल्या आंतरक्रियेतून आलेला असतो. असे आकडे छापून येतात हे खरं, पण म्हणून ते ग्राह्य ठरत नाहीत.

याच एन्झाइमच्या अभावामुळे उंदराच्या अ‍ॅड्रिनलमधून डीएचईए हे स्टेरॉइड हार्मोनही नगण्य येतं. आहारात ०.४ टक्के डीएचईए घातल्यावर डीबी/डीबी या आनुवंशिक लठ्ठ-मधुमेही उंदरांची साखर उतरल्याचं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं गेलं होतं. तो परिणाम औषधाचा समजावा. उंदराच्या शरीरात ते हार्मोन मुळात तसं काम करतं, असा अर्थ त्यातून काढू नये.

३. ग्लुकोकॉर्टिकॉइड साखर नेमकी कशी वाढवतं?

एकाच वेळी चार ठिकाणी. यकृतात पेपसीके आणि ग्लुकोज-६-फॉस्फेटेज या एन्झाइमांचं उत्पादन वाढवून नवी साखर बनवायला लावतं. स्नायूंतली प्रथिनं मोडून यकृताला अमिनो आम्लांचा कच्चा माल पुरवतं आणि स्नायूंचं साखर उचलणं कमी करतं. चरबीच्या पेशींतून मेदाम्लं आणि ग्लिसरॉल सोडवतं. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींवर थेट दाब आणून इन्सुलिनचा स्राव आवरतं.

यकृताचा वाटा किती मोठा आहे हे २००४ मधल्या एका प्रयोगाने स्पष्ट केलं. फक्त यकृताच्या पेशींतला ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर (हार्मोन ज्याला चिकटून काम करतं ते प्रथिन) काढलेल्या उंदरांची साखर उपाशीपोटी घसरली आणि स्ट्रेप्टोझोटोसिन हे बीटा पेशी मारणारं विष दिल्यावरही तेवढी चढली नाही. उलट, फक्त बीटा पेशींत हा रिसेप्टर जास्त बसवलेल्या उंदरांना मधुमेह झाला.

४. अ‍ॅड्रिनॅलिनचं काम यापेक्षा वेगळं कसं?

वेगाने. ग्लुकोकॉर्टिकॉइडचा मुख्य परिणाम दिसायला तास लागतात, अ‍ॅड्रिनॅलिनचा काही मिनिटांत दिसतो. ते यकृतातलं ग्लायकोजेन मोडतं, ग्लुकागॉन हे साखर चढवणारं हार्मोन वाढवतं आणि बीटा पेशींवरच्या अल्फा-२ रिसेप्टरमार्फत इन्सुलिन थांबवतं. झायलाझिन हे भुलीचं औषध याच अल्फा-२ रिसेप्टरवर काम करतं. म्हणून केटामिन-झायलाझिनखाली घेतलेली साखर फुगलेली येते. तो मधुमेहाचा आकडा मानू नका.

५. माझ्या प्रश्नासाठी कोणतं मॉडेल घेऊ?

इन्सुलिन तुटल्यावर अ‍ॅड्रिनल काय करते हे पाहायचं असेल तर स्ट्रेप्टोझोटोसिन: रॅटला एकदाच ५५ ते ६५ मिग्रॅ/किग्रॅ, उंदराला ५० मिग्रॅ/किग्रॅ सलग पाच दिवस. ते थंड सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५ ला विरघळवायचं आणि लगेच, पंधरा-वीस मिनिटांच्या आत टोचायचं. लठ्ठपणा आणि इन्सुलिन-रोध (ऊतींनी इन्सुलिनला दाद न देणं) पाहायचा असेल तर ओबी/ओबी किंवा डीबी/डीबी उंदीर, नाहीतर झुकर रॅट. या सर्वांत लेप्टिनचा (चरबीतून येणाऱ्या, भूक आवरणाऱ्या हार्मोनचा) संदेश तुटलेला असतो आणि कॉर्टिकोस्टेरॉन चढं असतं. हार्मोनच कारण म्हणून तपासायचं असेल तर निरोगी प्राण्याला बाहेरून स्टेरॉइड द्यावं (प्र. १०).

स्वप्रतिकारातून होणाऱ्या मधुमेहाचं एनओडी उंदीर हे मॉडेल इथे फसवं ठरतं. ग्लुकोकॉर्टिकॉइड एका बाजूने साखर वाढवतं आणि दुसऱ्या बाजूने बीटा पेशींवरचा हल्ला दडपतं. दोन परिणाम उलट दिशांनी ओढत असताना एका साखरेच्या आकड्यावरून निष्कर्ष निघत नाही. बीटा पेशी असलेल्या बेटांमधला (स्वादुपिंडातल्या पुंजक्यांमधला) दाह ऊतीच्या कापांवर स्वतंत्रपणे पाहावा लागतो.

६. स्ट्रेप्टोझोटोसिननंतर कॉर्टिकोस्टेरॉन वाढलं. हा विषाचा परिणाम की मधुमेहाचा?

पहिल्या काही दिवसांत दोन्हींची सरमिसळ असते. टोचल्यावर बीटा पेशी फुटून साठलेलं इन्सुलिन बाहेर पडतं आणि पहिल्या २४ तासांत साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ती घसरण हाच अ‍ॅड्रिनलसाठी मोठा ताण. म्हणून त्या रात्री १० टक्के सुक्रोजचं पाणी ठेवतात. त्यात मूत्रपिंड आणि यकृताला बसलेला फटका, घटलेलं खाणं हेही आलंच. निदान दोन आठवडे थांबून मोजा.

त्यानंतरही पातळी चढी राहिली, विशेषतः दिवसाच्या ज्या वेळी ती तळाला असायला हवी तेव्हा, आणि अ‍ॅड्रिनलचं वजन वाढलेलं दिसलं, तर ते मधुमेहाचं मानायला आधार आहे. खात्रीची कसोटी इन्सुलिनची. एका गटाला पुरेसं इन्सुलिन देऊन साखर आवरा. कॉर्टिकोस्टेरॉनही खाली आलं तर कारण विष नव्हतं.

७. रक्त कधी आणि कसं घ्यावं? आमचे आकडे एका गटातही दहापट इकडेतिकडे जातात.

आलेल्या प्रश्नांत सर्वांत जास्त प्रबंध इथेच अडकलेले दिसतात, म्हणून सविस्तर.

पिंजऱ्याला हात लागल्यापासून साधारण तीन मिनिटांत कॉर्टिकोस्टेरॉन चढायला लागतं. घड्याळ पिंजरा हलल्या क्षणी सुरू करा. सुई टोचल्यावर सुरू केलेलं घड्याळ निरुपयोगी. शेपटीच्या टोकाला बारीक छेद देऊन दोन-अडीच मिनिटांत नमुना घ्या. वेळ टळली तर तशी नोंद करा आणि तो नमुना विश्रांतीच्या पातळीत धरू नका.

एका पिंजऱ्यात चार उंदीर असतील तर पहिला उचलला की उरलेल्या तिघांनाही कळतं. चौथ्याचा आकडा विश्रांतीचा नसतो. त्यातही आधी सगळे निरोगी आणि मग सगळे मधुमेही असा क्रम लावला, तर ‘मधुमेहात कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं’ हा निकाल फक्त क्रमातून तयार होतो. गट मिसळून, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा.

वेळ: उंदीर आणि रॅट निशाचर. सकाळी ७ ला दिवे लागून संध्याकाळी ७ ला विझत असतील तर तळ सकाळी आणि शिखर दिवे विझण्याच्या सुमारास. सकाळी १० आणि दुपारी ४ चे नमुने एका रकान्यात बसवू नका. याशिवाय साधारण तासातासाला हार्मोनची लाट येते, त्यामुळे एका प्राण्याच्या एका थेंबावर भरवसा नको.

उपास: उंदराला रात्रभर उपाशी ठेवलं तर त्याचं वजन दहा-पंधरा टक्के घटू शकतं आणि कॉर्टिकोस्टेरॉन उसळतं. साखर-सहनशीलता चाचणीसाठी सकाळपासून पाच-सहा तास पुरतात.

अ‍ॅड्रिनॅलिनसाठी शेपटीचा छेद चालतच नाही, ते सेकंदांत वाढतं. आधी बसवलेली नळी, सवय झालेला प्राणी आणि बर्फावरची नळकांडी, एवढं असेल तरच मोजा.

८. अ‍ॅड्रिनल काढण्याची शस्त्रक्रिया केली, तरी कॉर्टिकोस्टेरॉन सापडतंय. का?

तुकडा मागे राहिला. ग्रंथीभोवतीच्या कवचाला चिकटलेल्या थोड्याशा पेशींतूनही कॉर्टेक्स काही आठवड्यांत पुन्हा उगवतं.

पाठीकडून, शेवटच्या बरगडीच्या खाली छेद घेतला की मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाशी पांढऱ्या चरबीत फिकट गुलाबी-पिवळा मणी दिसतो. चरबीपेक्षा तो किंचित गडद आणि घट्ट असतो. चिमट्याने मणी धरू नका, कवच फुटतं. भोवतालची चरबी धरून, देठ दाबून, मणी चरबीसकट एकसंध काढा आणि बाहेर काढल्यावर भिंगाखाली कवच अखंड आहे का ते पाहा. उजवी बाजू अवघड असते, ग्रंथी महाशिरेला खेटून यकृताखाली असते. रक्तस्राव होतो तो इथेच. काही प्राण्यांत, विशेषतः उंदरांत, जादा अ‍ॅड्रिनल ऊतीचे कण दूर कुठेतरी असतात, त्यांना इलाज नाही.

म्हणून पडताळणी सगळ्यांची करा. प्रयोगाच्या शेवटी प्राण्याला १५ ते ३० मिनिटं नळीत अडकवून मग कॉर्टिकोस्टेरॉन मोजा. विश्रांतीत शून्य येणं हा पुरावा नव्हे, ताणातही शून्य यायला हवं. थायमस या छातीतल्या ग्रंथीचं वजन घ्या, ग्लुकोकॉर्टिकॉइड नसेल तर तो वाढतो. तुलनेच्या गटावरही भूल, छेद आणि वेदनाशामकासह खोटी शस्त्रक्रिया हवीच. या सगळ्याला प्राणी-नैतिकता समितीची आधी मंजुरी लागते.

९. अ‍ॅड्रिनल काढलेले मधुमेही रॅट आठवड्याभरात मरतात. काय चुकतंय?

तीन गोष्टी तपासा.

पहिली, मीठ. अल्डोस्टेरॉन हे मीठ राखणारं अ‍ॅड्रिनल हार्मोन गेलं की लघवीतून सोडियम वाहून जातं आणि पोटॅशियम साठतं. पिण्यासाठी ०.९ टक्के मिठाचं पाणी हवं. पण मधुमेही रॅट तहानेने दिवसाला १५० मिली पितो, म्हणजे १.३५ ग्रॅम मीठ. निरोगी रॅट ३० मिली पिऊन ०.२७ ग्रॅम घेतो. त्यामुळे साधं पाणी आणि मिठाचं पाणी अशा दोन बाटल्या ठेवा, कोणतं किती संपलं ते रोज लिहा.

दुसरी, उपास. या प्राण्याला यकृतातून साखर बनवण्याचा हुकूम देणारं हार्मोनच नाही, अ‍ॅड्रिनॅलिनही नाही. रात्रभराचा उपास त्याच्या जिवावर बेतू शकतो.

तिसरी, इन्सुलिन. शस्त्रक्रियेआधीचा डोस तसाच चालू ठेवला तर साखर कोसळते. डोस बराच कमी करून, साखर पाहत पाहत वाढवा.

१०. कॉर्टिकोस्टेरॉन बाहेरून द्यायचं तर पाण्यातून, गोळीतून की इंजेक्शनने?

पाण्यातून देणं सोपं. प्राणी रात्री पितो, त्यामुळे दैनंदिन लयही बरीचशी राखली जाते. कॉर्टिकोस्टेरॉन पाण्यात विरघळत नाही. आधी शुद्ध इथेनॉलमध्ये विरघळवा, मग पाण्यात अशा प्रमाणात मिसळा की इथेनॉल शेवटी १ टक्क्याच्या वर जाणार नाही. तुलनेच्या गटाला तेवढंच इथेनॉल. बाटली झाकलेली ठेवा, दोन-तीन दिवसांनी बदला.

निरोगी उंदरात १०० मायक्रोग्रॅम/मिली हे प्रमाण तीन-चार आठवडे दिलं की चरबी, यकृतात मेद, चढं इन्सुलिन आणि बारीक झालेली अ‍ॅड्रिनल असं पूर्ण चित्र उभं राहतं. २५ ग्रॅमचा उंदीर ५ मिली पितो असं धरलं तर हा डोस दिवसाला २० मिग्रॅ/किग्रॅ होतो.

मधुमेही प्राण्यात मात्र हीच पद्धत घात करते. अ‍ॅड्रिनल काढलेल्या रॅटला भरपाई म्हणून २५ मायक्रोग्रॅम/मिली ठेवलं. २५० ग्रॅमचा निरोगी रॅट ३० मिली पिऊन ७५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३ मिग्रॅ/किग्रॅ घेतो. मधुमेही रॅट १५० मिली पिऊन ३७५० मायक्रोग्रॅम, म्हणजे १५ मिग्रॅ/किग्रॅ. स्टेरॉइड जास्त गेलं म्हणून साखर चढते, साखर चढली म्हणून तहान वाढते, तहान वाढली म्हणून आणखी स्टेरॉइड जातं. बाटलीवर दोन्ही गटांचं प्रमाण एकच लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्ष डोस पाचपट वेगळा. अशा प्राण्यांत त्वचेखालची गोळी किंवा पंप वापरा. पातळी सपाट राहते, लय जाते, पण निदान डोस तरी कळतो.

११. डेक्सामेथासोन स्वस्त आणि जोरदार आहे. कॉर्टिकोस्टेरॉनऐवजी तेच वापरलं तर?

प्रश्न वेगळा होतो. रॅटला १ मिग्रॅ/किग्रॅ रोज पाच दिवस दिलं की इन्सुलिन-रोध आणि चढं इन्सुलिन मिळतं, हे बरोबर. पण डेक्सामेथासोन रक्तातल्या वाहक प्रथिनाला, सीबीजीला, चिकटत नाही, मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरवर (अल्डोस्टेरॉनच्या रिसेप्टरवर) त्याचा प्रभाव फारसा नाही आणि ते प्राण्याचं स्वतःचं कॉर्टिकोस्टेरॉन बंद पाडतं. रॅट खाणं कमी करतो आणि वजन गमावतो, म्हणून तेवढंच अन्न मोजून दिलेला तुलनेचा गट लागतो. तो नसेल तर स्नायू झिजले ते औषधाने की उपासाने, हे सांगता येत नाही. दीर्घ प्रयोगात डोस एकदम थांबवू नका, आक्रसलेली अ‍ॅड्रिनल लगेच जागी होत नाही.

१२. अ‍ॅड्रिनल काढल्यावर ओबी/ओबी उंदीर बारीक झाला, साखर उतरली. म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉन हेच लठ्ठपणाचं कारण ना?

आवश्यक अट आहे, मूळ कारण नाही. मूळ कारण लेप्टिनचा अभाव. कॉर्टिकोस्टेरॉन परत दिलं की खादाडपणा आणि साखर परततात, पण तेच कॉर्टिकोस्टेरॉन लेप्टिन शाबूत असलेल्या उंदराला तेवढंच दिलं तर ओबी/ओबी तयार होत नाही.

शिवाय अ‍ॅड्रिनल काढताना तुम्ही एक हार्मोन काढत नाही. अल्डोस्टेरॉन जातं, अ‍ॅड्रिनॅलिन जातं, आणि लगाम सुटल्यामुळे मेंदूतलं सीआरएच आणि पिट्युटरीतलं एसीटीएच ही अ‍ॅड्रिनलला चालना देणारी हार्मोन्स वाढतात. सीआरएच स्वतः भूक मारतं. फक्त कॉर्टिकोस्टेरॉनची भरपाई केलेला गट असल्याशिवाय या निकालाचं श्रेय कोणालाच देऊ नका.

१३. मिफेप्रिस्टोन दिलं, साखर उतरली पण कॉर्टिकोस्टेरॉन वाढलं. औषध उलटं काम करतंय का?

नाही. ते ग्लुकोकॉर्टिकॉइडचा रिसेप्टर अडवतं. मेंदूलाही हार्मोन ‘दिसेनासं’ होतं, म्हणून तो एसीटीएच वाढवतो. इथे रक्तातली पातळी परिणामाचं माप राहत नाही. यकृतातलं पेपसीके आणि थायमसचं वजन पाहा. हे औषध प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टरही अडवतं, मादी प्राण्यांत ते हिशेबात धरावं लागतं. मेटिरापोन या दुसऱ्या औषधाची गोष्ट निराळी: ते कॉर्टिकोस्टेरॉन बनणंच रोखतं, पण आधीच्या पायरीवरचं डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन साठतं आणि ते मीठ धरून ठेवतं.

१४. रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन सामान्य आहे, तरी लक्षणं स्टेरॉइड जास्त झाल्यासारखी. हे कसं?

ऊतीच्या आत वेगळा कारखाना आहे. ११-बीटा-एचएसडी-१ हे एन्झाइम यकृतात आणि चरबीत निष्क्रिय ११-डीहायड्रोकॉर्टिकोस्टेरॉनपासून पुन्हा सक्रिय कॉर्टिकोस्टेरॉन बनवतं. २००१ मध्ये हे एन्झाइम फक्त चरबीत वाढवलेल्या उंदरांना पोटाचा लठ्ठपणा आणि इन्सुलिन-रोध झाला, रक्तातली पातळी मात्र चढली नव्हती. लठ्ठ झुकर रॅटमध्ये ते चरबीत वाढलेलं आणि यकृतात घटलेलं असतं, त्यामुळे ‘प्राण्यात एन्झाइम वाढलं’ असं सरसकट विधान करू नये, ऊतीचं नाव घ्यावं.

दुसरी शक्यता सीबीजीची. किट एकूण हार्मोन मोजतं, काम मुक्त हार्मोन करतं. सीबीजी घटलं असेल तर एकूण आकडा साधा दिसूनही मुक्त भाग जास्त असतो.

१५. अल्डोस्टेरॉन साखरेच्या प्रश्नात धरायचं का?

साखरेसाठी दुय्यम, मूत्रपिंडासाठी महत्त्वाचं. डीबी/डीबी उंदरांत मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर अडवला की लघवीतलं अल्ब्युमिन घटतं, आणि याच मार्गावरचं फिनेरेनोन २०२१ पासून टाइप २ मधुमेहातल्या मूत्रपिंड-विकारासाठी माणसांत मान्यताप्राप्त आहे. हा रिसेप्टर कॉर्टिकोस्टेरॉनलाही तितक्याच आवडीने धरतो. मूत्रपिंडात ११-बीटा-एचएसडी-२ त्याला दूर ठेवतं, पण हृदयाच्या स्नायूपेशींत हा पहारा जवळजवळ नाही. तिथला परिणाम ‘अल्डोस्टेरॉनचा’ म्हणण्याआधी दोनदा विचार करा.

१६. लेप्टिन दिल्यावर स्ट्रेप्टोझोटोसिनच्या रॅटची साखर उतरते. ती कॉर्टिकोस्टेरॉन घटल्यामुळेच ना?

यावर निकाल जुळत नाहीत. एका मांडणीनुसार इन्सुलिन गेलं की लेप्टिन कोसळतं, त्यामुळे कॉर्टिकोस्टेरॉन चढतं, चरबी सुटते आणि यकृत साखर बनवतं. लेप्टिन ही साखळी तोडतं. दुसऱ्या प्रयोगांत कॉर्टिकोस्टेरॉन खाली येणं हे लेप्टिनच्या परिणामासाठी गरजेचं आढळलं नाही. दोन्ही वाचताना लेप्टिनचा डोस पाहा: हरवलेली पातळी भरून काढणारा होता की तिच्या अनेकपट. स्वतः करायचं असेल तर अ‍ॅड्रिनल काढून कॉर्टिकोस्टेरॉन एका पातळीवर बांधलेला गट ठेवा, आणि तो बांधताना पाण्याची बाटली वापरू नका (प्र. १०).

१७. हे निकाल कुत्र्या-मांजरांना आणि माणसांना लागू होतात का?

दिशा लागू होते, आकडे नाहीत. अ‍ॅड्रिनलच्या अतिस्रावाचा आजार असलेल्या मधुमेही कुत्र्याला इन्सुलिनचा डोस वाढवत नेऊनही साखर आवरत नाही. आधी कॉर्टिसॉल आवरावं लागतं, आणि ते आवरू लागताच इन्सुलिन कमी करावं लागतं, नाहीतर प्र. ९ मधली तिसरी चूक घडते. मांजराची साखर नुसत्या ताणाने मधुमेहाइतकी चढू शकते, म्हणून दवाखान्यातल्या एका आकड्यावर निदान न करता फ्रुक्टोसामिन (मागच्या काही आठवड्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) पाहतात. गिनीपिग आणि मार्मोसेट माकड यांच्या ऊती ग्लुकोकॉर्टिकॉइडला मुळात कमी दाद देतात, त्यांच्यात कॉर्टिसॉल प्रचंड असूनही स्टेरॉइडचा मधुमेह दिसत नाही. त्या आकड्यांची रॅटशी तुलना करू नका.